पाच बेटांच्या सहलीपेक्षा सकाळचा एक तास: सीमाभागातून समुद्रावर स्नॉर्केलिंगला जाताना

निपाणीच्या ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची ९ माणसं, त्यात ६४ वर्षांच्या सासूबाई आणि ७ व १२ वर्षांची दोन मुलं. मिस्टर विहिरीत पोहलेले, बाकीच्यांना पोहता येत नाही. ‘पाच बेटं, डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, जेवण, सगळं एका दिवसात’ अशी जाहिरात पाहून जानेवारीत पहाटे निघायचं आणि रात्री परत यायचं, असा बेत आहे. मालवण, गोवा की मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, हे ठरत नाहीये. आणि पोहता न येणाऱ्याला स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं, जमतं का, ही धाकधूक आहे.

मी बेळगावात पोहणं शिकवतो आणि हिवाळ्यात इथल्या कुटुंबांना, कॉलेजच्या मुलांना घेऊन समुद्रावर जातो. तुमच्यासारखे प्रश्न खानापूर, चिकोडी, हुक्केरीकडून सारखे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागा कुठली हा प्रश्न नंतरचा. नऊ जणांपैकी पाण्यात कोण उतरणार आणि किती वाजता उतरणार, हे आधी ठरवा. ही दोन उत्तरं मिळाली की जागा आपोआप ठरते. पाच बेटांच्या सहलीत नेमकं इथंच गणित चुकतं. बोट आधी डॉल्फिन दाखवते, मग किल्ला, मग वाळूचं बेट, मग आणखी एखादा फोटोचा खडक, आणि स्नॉर्केलिंगची पाळी येते दुपारी एकच्या सुमारास. तोवर मुलं उन्हानं कोमेजलेली असतात, दोघा-तिघांना बोट लागलेली असते आणि वारा सुटलेला असतो.

वाऱ्याचं कारण समजून घ्या, कारण अख्खा दिवस त्याच्यावर बेतायचा आहे. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्याजवळचं पाणी तेव्हा जवळपास सपाट असतं. उन्हं वर चढली, जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. अकरा-बारानंतर पाण्यावर लाटा उठायला लागतात, तळाची वाळू ढवळते, पृष्ठभागावर तरंगणाऱ्याच्या नळीत पाणी शिरायला लागतं. सकाळी आठला जे पाणी मुलाला आवडलं असतं, त्याच पाण्याची दुपारी दीडला त्याला भीती वाटते. म्हणून मी नेलेल्या प्रत्येक गटाला पाण्यात आधी उतरवतो, बेटं नंतर दाखवतो.

दुसरी गोष्ट भरतीची. मालवणच्या आसपास खाड्या आहेत. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी आहे. ओहोटी लागली की खाडीतलं गढूळ पाणी बाहेर येतं, भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणजे भरती पूर्ण होण्याआधीचा तास-दोन तास आणि नंतरचा अर्धा तास हा पाण्याखाली बघायला सगळ्यात चांगला. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. द्वादशीला नऊच्या सुमारास. मालवणकडे भरती मुंबईपेक्षा जरा लवकर येते, त्यामुळे हा अंदाजच धरायचा, पण सहलीची तारीख काढायला तो पुरतो. सकाळी आठ-साडेआठला भरती हवी असेल तर कुठल्याही पक्षातली एकादशी-द्वादशी बघा. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यांच्या पुढचे दोन दिवस उधाणाची भरती असते, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि प्रवाहाला ओढ असते. नवख्या माणसांना मी तेव्हा नेत नाही. जानेवारीतला एकादशीजवळचा शनिवार-रविवार मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला तरी हरकत नाही, फक्त उधाण टाळा. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडाही सोडा. तेव्हा पाण्यात माणसं इतकी असतात की गाइडचं लक्ष कुणाकडेच धड राहत नाही.

आता जागा. नेत्राणी आपल्या कर्नाटकातलं, भटकळ तालुक्यात, मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत. तीन ठिकाणांत पाणी सहसा तिथंच सगळ्यात स्वच्छ असतं आणि मासेही भरपूर. पण तिथं बेटावर उतरता येत नाही. कडे सरळ पाण्यात उतरलेले आहेत, सगळा कार्यक्रम बोटीवरूनच. उघड्या समुद्रात तासाभराहून जास्त प्रवास, लांब लाटांचे हेलकावे, आणि पाण्यात उतरलं की पायाखाली थेट खोल समुद्र. पोहता येणाऱ्या चार-सहा जणांचा गट असेल तर मी डोळे झाकून नेत्राणी सांगेन. सासूबाई आणि सात वर्षांचं मूल बरोबर असताना सांगणार नाही.

गोव्यात बहुतेक सहली ग्रँड आयलंडला जातात, मुरगावच्या भूशिरापुढे. चोर्ल्याच्या घाटानं बेळगावकरांना ते जवळ पडतं. बोटी मोठ्या, जेवणखाण बोटीवर किंवा किनाऱ्यावर, मासे पकडायचा गळही देतात. पण गर्दी फार. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं पाण्यात सोडून पुढच्याला बोलावण्याची घाई असते. बोट कमी माणसांची असेल आणि सकाळी लवकर निघणार असेल तरच तो पर्याय धरा.

तुमच्या कुटुंबासाठी मी मालवण म्हणेन. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उथळ खडकाळ भाग आहेत, किनारा नजरेत राहतो, बोटीचा प्रवास थोडा. हा सगळा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पद्मगड आणि किल्ल्याचा परिसर त्यात येतो. खडकांवर प्रवाळ आहे, पट्टेरी मासे, पोपट मासे, क्वचित कपारीत हेकरू मासा दिसतो. पाण्याखाली दिसण्याचं अंतर मात्र चांगल्या दिवशीही काही मीटरच. अंदमान-लक्षद्वीपचे व्हिडिओ बघून आलेली माणसं इथं हिरमुसतात. मुलांना आधीच सांगून ठेवा की पाणी हिरवट दिसेल, मासे जवळ आल्यावर दिसतील. अपेक्षा नीट असली की तेच पाणी बघून मूल नळीतून ओरडतं.

मालवणचं आणखी एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथले गाइड मालवणी-मराठीत बोलतात. पाण्यात घाबरलेल्या माणसाला दुसरी भाषा सुचत नाही, ऐकलेलीही कळत नाही. ‘मान खाली ठेव, तोंडानं श्वास घे, मी धरलंय’ हे सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या भाषेत ऐकू आलं पाहिजे.

आता पोहता न येणाऱ्यांचं. हो, जमतं. नीट बांधलेलं लाइफ जॅकेट माणसाला खाऱ्या पाण्यात तरंगत ठेवतं, गाइड हाताला धरून किंवा रिंगला धरून नेतो. अडचण पोहण्याची नसतेच, श्वासाची असते. नाक बंद, तोंडात नळी, चेहरा पाण्यात: ही अवस्था शरीराला नवी असते आणि पहिल्या मिनिटात श्वास अर्धवट, भरभर व्हायला लागतो. मग माणूस मान वर काढतो, नळी बाहेर, पाणी आत, ठसका, आणि ‘मला नको, वर घ्या’. हा अनुभव समुद्रात पहिल्यांदा येऊ द्यायचा नाही, घरी येऊ द्यायचा. प्रत्येकासाठी मास्क-नळी विकत घ्यायची गरज नाही, एक चांगला संच घ्या आणि धुऊन आळीपाळीने वापरा. मोठ्या टबात किंवा बादलीत पाणी भरा, मास्क लावून चेहरा पाण्यात घाला आणि फक्त श्वास घ्या. आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा मोजेपर्यंत. मग मुद्दाम नळीत पाणी जाऊ द्या आणि ‘फू’ करून जोरात बाहेर उडवा. रोज पाच-दहा मिनिटं आठवडाभर केलं तरी समुद्रातला निम्मा ताण जातो. जवळ तलाव असेल तर एक तास तिथं, कमरेइतक्या पाण्यात. माझ्या गटात ज्यांनी हे केलेलं असतं त्यांना गाइड दोन मिनिटांत सोडतो, बाकीच्यांचा अर्धा वेळ ठसक्यातच जातो.

मास्क बसतो की नाही हे पट्टा न लावता बघायचं. चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची बट आत अडकली असेल, मिशा दाट असतील तर पाणी झिरपतं, मिशीला थोडं व्हॅसलिन लावतात. पट्टा कचकचून आवळू नका, आवळल्यानं रबराची कड दुमडते आणि जास्तच गळते. काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळून एकदा विसळायचं, किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा थेंब. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क मिळतो का ते आधी फोनवर विचारावं, साध्या मास्कमध्ये चष्मा बसत नाही. अख्खा चेहरा झाकणारे मास्क हल्ली ऑनलाइन मिळतात. मी ते मुलांना देत नाही: उच्छ्वासाची हवा आतच फिरण्याचा धोका असतो आणि घाबरल्यावर झटकन काढता येत नाहीत.

जॅकेटबद्दल मी हट्टी आहे. बकल लागलेलं, पट्टे ओढलेले, आणि खांद्याला धरून वर उचललं तर हनुवटीवर न येणारं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं की पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं आणि मूल आत लटकतं. मुलांच्या मापाची दोन जॅकेटं आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा. सासूबाई पाण्यात उतरणार नसल्या तरी बोटीत जॅकेट घालूनच बसतील. आणि साडीऐवजी सलवार किंवा ट्रॅक पँट. बोटीच्या शिडीवर साडीचा काठ पायात येतो, पाण्यात पडल्यास ती पायांना गुंडाळते.

तुमच्या मिस्टरांविषयी वेगळं लिहितो. आपल्या भागात विहिरीत, मलप्रभेत, घटप्रभेत, वेदगंगेत शिकलेले पट्टीचे पोहणारे खूप आहेत आणि समुद्रावर मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच असते. विहिरीला काठ चारी बाजूंनी असतो, नदीचा प्रवाह एकाच दिशेला असतो. समुद्रात लाट किनाऱ्याकडे आणते आणि खालचा प्रवाह आत ओढतो, शिवाय तरंगत मासे बघताना आपण बोटीपासून किती लांब आलो हे कळतच नाही. ‘मला येतंय की’ म्हणून जॅकेट काढणारा हाच असतो. एप्रिल २०१७ मध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले ८ जण बुडाले, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. ते बोटीवरून पडले नव्हते, किनाऱ्यावरून पाण्यात उतरले होते. म्हणून स्नॉर्केलिंग झाल्यावर ‘जरा किनाऱ्यावर डुंबू या’ हा जो मोकळा वेळ असतो, त्यात जास्त जागं राहा. स्थानिक माणूस नको म्हणाला की तिथं उतरायचं नाही. मिस्टरांना सांगा, पहिल्या फेरीला जॅकेट घालून उतरा, गाइडनं पाहिलं आणि तो म्हणाला तर दुसऱ्या फेरीला फिन्स (पायात घालायचे रबरी पंखे) घ्या. खूप दीर्घ श्वास भरभर घेऊन खाली बुडी मारायचा प्रयोग मात्र अजिबात नको, त्यानं पाण्याखाली शुद्ध हरपू शकते.

बोट ठरवताना दर शेवटी विचारा. आधी विचारा की बोटीवर नोंदणी क्रमांक आणि माणसांची क्षमता लिहिलेली आहे का, आणि तुमच्याबरोबर आणखी किती जण असतील. पाण्यात न पोहणाऱ्या दोघांमागे एक गाइड मिळणार का. चढायला शिडी आहे का. माणसं पाण्यात असताना इंजिन बंद ठेवतात का. बोटीवर दारू पिऊन आलेल्यांना घेतात का. चांगला बोटवाला ही उत्तरं पटापट देतो, त्याला असे प्रश्न आवडतातही. जो ‘काही होत नाही हो’ एवढंच म्हणतो, त्याचा नंबर पुसून टाका. जानेवारी २०१९ मध्ये कारवारजवळ कुरुमगडच्या जत्रेहून परतणारी बोट उलटून १६ जण गेले, मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. दोन्ही वेळा किनारा फार लांब नव्हता. बोट भरलेली दिसली आणि वर आणखी चौघांना घेत असतील, तर पैसे गेले तरी चालतील, उतरा.

एका दिवसात जाऊन येण्याला माझा विरोध आहे, आणि तो दमणुकीपुरता नाही. निपाणीहून आजरा-आंबोलीमार्गे मालवण म्हणजे चार तास तरी. पहाटे तीनला निघालात तरच सकाळच्या पाण्यात उतराल. आंबोलीची वळणं उतरून लगेच बोटीत बसलात तर घाटात मळमळलेला माणूस बोटीत हमखास ओकतो. आदल्या दिवशी दुपारी निघा, मालवण किंवा तारकर्लीत मुक्काम करा. सकाळी हलकं खा, पोहे, इडली, केळं. उपाशी पोटी नको आणि घरून बांधून आणलेली पुरी-भाजीही नको. बोटीत मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नको. गाडी लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यावी. एकदा मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारसं काम करत नाही. त्या गोळ्यांनी झोपही येते, म्हणून पाण्यात उतरणाऱ्यानं ती आधी एकदा घरी घेऊन बघावी.

मुक्कामाचं आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. मालवणला ‘स्नॉर्केलिंगबरोबर स्कूबा’ असं पॅकेज सर्रास देतात. स्नॉर्केलिंगचा प्रश्न नाही, पण स्कूबात पाठीवर सिलिंडर लावून पाण्याखाली जातात, दाबाखालची हवा श्वासात घेतो आणि रक्तात नायट्रोजन विरघळतो. त्यानंतर लगेच उंचावर गेलं तर तो बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडू शकतो. एका डाइव्हनंतर विमान किमान १२ तास टाळा, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे, आणि ६०० मीटरवर चढणाऱ्या रस्त्यालाही तोच विचार लागू होतो. आंबोली सुमारे ७०० मीटर, बेळगाव सुमारे ७५० मीटर. पर्यटकांचा स्कूबा पाच-सात मीटरचाच असतो, त्यामुळे धोका थोडा, पण दुपारी स्कूबा करून संध्याकाळी घाट चढणं मी माझ्या गटाला करू देत नाही. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर स्कूबाचं नावच काढू नका. आणि सर्दी असेल तर कानाचा दाब जुळत नाही, तेव्हाही नको.

तर तुमचा दिवस मी असा लावेन. साडेसातला बोट, आठ ते नऊ पाण्यात. मुलांना वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर काढा. पाणी गार वाटत नसलं तरी बारीक शरीरं लवकर थंड पडतात, ओठ निळसर दिसले की लगेच टॉवेल. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा टी-शर्ट बरा, पाठ तरंगताना सगळ्यात जास्त भाजते. खडकावर पाय ठेवू नका: प्रवाळ मोडतं, सी अर्चिनचे काटे तळव्यात घुसतात. बोटवाला माशांना पाव टाकायला देईल, नको म्हणा, आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. दहाच्या आत परत किनाऱ्यावर, कपडे बदलून मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गावर. हा किल्लाही बेटच आहे, कुरटे बेट. महाराजांनी १६६४ ते १६६७ मध्ये बांधला. सासूबाईंना शिवराजेश्वराचं मंदिर आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी दाखवा, त्यांच्यासाठी दिवसाचं सोनं तिथं होईल. मग जेवण आणि चक्क झोप. संध्याकाळी देवबागहून कर्लीच्या मुखाशी असलेलं वाळूचं त्सुनामी आयलंड, तेही बोटीतून बघायला आणि फार तर वाळूवर उभं राहायला. नदीच्या मुखाशी ओहोटीला पाण्याची ओढ जबरदस्त असते, मुलांना तिथं घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. डॉल्फिन दिसले तर दिसले, त्यांच्यासाठी बोट पळवायला सांगू नका. अशी दोन बेटं आणि एक तास पाणी, दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात घाट चढा.

सकाळी उठून बोटवाला म्हणाला, ‘आज पाणी बरोबर नाही,’ तर त्याच्याशी घासाघीस करू नका. पैसे परत किंवा दुसऱ्या दिवशीची फेरी, हे ठरवतानाच बोलून ठेवा. यासाठीही एक जास्तीचा दिवस हाताशी असलेला बरा. आणि मे महिन्यापर्यंत बेत पुढे ढकलला गेला तर सोडून द्या: एप्रिलपासून लाटा वाढत जातात आणि मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत मालवणची प्रवासी वाहतूक बंदच असते. दसऱ्याच्या सुट्टीत आपल्या कर्नाटकातल्या शाळा मोकळ्या असतात, गर्दी कमी असते, पण पावसाळ्याचं गढूळपण तेव्हा पुरतं निवळलेलं नसतं. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी, यातलंच काही बघा.

तारीख पक्की झाली की त्या दिवसाची तिथी, दोन्ही मुलांची वजनं आणि चष्मा कुणाकुणाला आहे ते लिहा. जॅकेटची मापं आणि पाण्यात उतरायची वेळ नेमकी सांगतो.